मास्तरांना विचारा : बर्फ नसलेल्या महिन्यांतली हॉकी

मागच्या अंकात एका काकांच्या गुडघेदुखीला उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो, की लेकीकडे कॅनडात मेडिसिन हॅट गावी सात महिने राहून आलो आणि तिथली सोळा-सतरा वर्षांची पोरं बर्फावर आपटून लगेच उठतात, गुडघा चोळत बसत नाहीत. एवढंच. त्यावर या महिन्यात गुडघ्याबद्दल एकही पत्र नाही, आइस हॉकीबद्दल मात्र पिशवीभर. बर्फ म्हटलं की गोळ्याची गाडी आठवणाऱ्या आपल्या सोलापुरात! कुणाचा नातू तिकडे, कुणाची भाची तिकडे, कुणी नुसतंच फोनवर बघून वेडं झालेलं.

प्रत्येक उत्तरात तेच तेच लिहायला नको म्हणून आधी एकदाच सांगतो. कॅनडात सोळा ते वीस वर्षांच्या पोरांची वरच्या दर्जाची हॉकी तीन लीगमध्ये चालते : पश्चिमेची डब्ल्यूएचएल, ओंटारिओची ओएचएल आणि क्यूबेक व पूर्वेकडच्या प्रांतांची क्यूएमजेएचएल. तिन्हींची मिळून साठेक संघांची सीएचएल. काही संघ अमेरिकेतही आहेत. सामने सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, मग बाद फेरी, शेवटी तिन्ही लीगचे विजेते आणि यजमान अशा चार संघांचा मेमोरियल कप. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ पासून चालत आलाय. जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांत बर्फावर काही घडत नाही. म्हणून सगळं तोंडावर घडतं.

मास्तर, गॅव्हिन मॅकेन्ना नावाच्या पोराबद्दल रोज वेगळं वाचतो. तो तुमच्या मेडिसिन हॅटलाच राहणार की जाणार? आणि एका सतरा वर्षांच्या पोरामागे एवढा गोंधळ कशाला?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

गेला. ८ जुलै २०२५ ला त्यानं स्वतः सांगितलं, पुढचा सीझन अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाकडून खेळणार. आपल्याकडे तेव्हा ९ तारखेची सकाळ. आषाढी होऊन तीन दिवस झालेले, वारीहून परतलेल्या पाहुण्यांच्या सतरंज्या अजून गच्चीवर वाळत होत्या आणि लेकीचा फोन आला, ‘बाबा, पोरगं गेलं.’ मला वाटलं कुणी वारलं की काय. तिकडे गावात साधारण तशीच अवस्था होती म्हणा.

हा पोरगा युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सचा, म्हणजे पार वायव्य कोपऱ्यातला, अलास्काच्या शेजारचा. २०२२ मध्ये डब्ल्यूएचएलच्या निवडीत मेडिसिन हॅट टायगर्सनी त्याला सगळ्यांत पहिला उचलला. २०२४-२५ मध्ये ५६ सामन्यांत १२९ गुण : ४१ गोल स्वतःचे, ८८ वेळा दुसऱ्याला गोल करून दिला. मी त्यातले अकरा सामने को-ऑप प्लेसमध्ये बसून पाहिले, तेही शेजाऱ्याच्या जादाच्या तिकिटावर. चौतीस वर्षं शाळेत खेळ शिकवला, त्यामुळे माझं लक्ष पायाकडे जात नाही, मानेकडे जातं. इतर पोरं पक (खेळातली रबरी चकती) स्टिकवर आला की खाली बघतात. हा बघत नाही. मान वर, आणि पक आपोआप तिथं. आमच्या शाळेच्या मैदानावर जवळजवळ तीन तपांत अशी मान मी दोनदाच पाहिली आणि ती दोन्ही पोरं पुढे यंत्रमागावर गेली. असो.

गोंधळ का, ते नीट समजून घे. अमेरिकन कॉलेजांची संघटना एनसीएए. तिचा जुना दंडक असा, की सीएचएलमध्ये जो खेळला तो व्यावसायिक, त्याला कॉलेजची दारं बंद. कारण या लीगमध्ये एनएचएलशी, म्हणजे तिकडच्या मोठ्या व्यावसायिक लीगशी, करार झालेली पोरंही खेळतात आणि सगळ्यांना थोडा हातखर्च मिळतो. त्यामुळे पंधराव्या-सोळाव्या वर्षीच ठरवावं लागे, ज्युनियर की कॉलेज. एकदा ठरलं की मागं फिरणं नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालं आणि हा दंडक मोडला. १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलची पोरं कॉलेजकडून खेळू शकतात.  मॅकेन्ना त्यातला सगळ्यांत मोठा मासा, पण एकटा नव्हे. ब्रॅम्प्टनचा पोर्टर मार्टोन मिशिगन स्टेटला गेला, व्हिक्टोरियाचा कीटन व्हरहॉफ नॉर्थ डकोटाला.

आता पैशाचं. तू पाठवलेल्या कात्रणात मॅकेन्नासाठी जो लाखो डॉलरचा आकडा आहे, त्यावर मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. पक्कं एवढं : ६ जून २०२५ ला अमेरिकन न्यायालयानं एक तडजोड मान्य केली, तिच्यानुसार १ जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाला सगळ्या खेळांचे मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, ही कमाल मर्यादा. त्यातले मॅकेन्नाच्या वाट्याला किती, हे विद्यापीठानं छापलेलं नाही. बाकी सगळे आकडे ‘सूत्रां’चे.

माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर दर दिवाळीला चाळीत बातमी यायची, ‘पाडव्याला भोंगा वाजणार.’ कुणी मालकाच्या ड्रायव्हरकडून ऐकलेलं, कुणी युनियनवाल्याच्या मेहुण्याकडून. वडील एकच विचारायचे, ‘गेटावर कागद लागला का?’ कागद लागला नाही आणि भोंगाही वाजला नाही. तिकडच्या उन्हाळी बातम्या वाचताना मी तोच प्रश्न विचारतो. ‘इच्छुक आहे’ हा कागद नव्हे. ‘चर्चा सुरू आहे’ हाही नव्हे. संघानं किंवा पोरानं स्वतःच्या नावानं सांगितलं, तर मी वहीत लिहून ठेवतो.

माझा नातू (मुलीचा मुलगा) कॅनडातल्या सरे गावी वाढला, सोळा पूर्ण झाली. ऑगस्टअखेर एका संघाच्या कॅम्पला जाणार, निवड झाली तर परक्यांच्या घरी राहणार म्हणे. तिथं जेवणखाण कसं असतं? आणि असंही ऐकते की पोरांना मध्येच दुसऱ्या संघाला विकतात. खरं का?
— एक आजी, अक्कलकोट रोड

आजी, नमस्कार. आधी जेवण, कारण खरा प्रश्न तोच आहे, मला माहीत आहे.

त्या घराला तिकडे बिलेट म्हणतात. गावातलंच एखादं कुटुंब असतं. संघ त्यांची चौकशी करतो, खाण्यापिण्यासाठी महिन्याला काही रक्कम देतो आणि पोराला त्यांच्या ताब्यात देतो. पोरगं तिथल्याच शाळेत जातं, दुपारी सराव, संध्याकाळी गृहपाठ. आमच्या लेकीच्या दोन घरं पलीकडे असाच एक मुलगा राहायचा, सास्कॅचेवानमधल्या शेतकऱ्याचा, अठरा वर्षांचा. त्या बाईंच्या स्वयंपाकघरात अंड्यांचे ट्रे असे रचलेले असत, की आपल्याकडे भुर्जीच्या गाड्यावरच दिसतील. फ्रीजवर चिठ्ठी : भांडी स्वतः घासायची, दहानंतर फोन बंद, बर्फ पडला की अंगण साफ करायचं. अंगण तो आमचंही साफ करून द्यायचा. आमच्या हिनं त्याला शेंगाचटणी दिली, तर पठ्ठ्यानं ती ऑम्लेटवर पसरून खाल्ली. कडक भाकरीला तो बिस्कीट समजला आणि अख्खी चवड संपवली. तेव्हा तुम्ही नातवाबरोबर चटणीचा डबा निर्धास्त द्या, घट्ट झाकणाचा.

आता दुसरं. विकत नाहीत, बदलतात. त्याला ट्रेड म्हणतात. आपला एक खेळाडू द्यायचा, त्यांचा एक घ्यायचा, किंवा पुढच्या वर्षांतल्या निवडीचे हक्क घ्यायचे. ही हक्कांची देवघेव चार-चार वर्षं पुढची चालते. ज्याच्या बदल्यात आज एक खेळाडू दिला, ते पोर कदाचित आत्ता सहावीत असेल. नियमांत सगळं बसतं, पण मला ते बघवलं नाही. खरं सांगतो, तुम्हाला धीर देण्यासाठी खोटं लिहिणार नाही. त्या शेजारच्या मुलाचा ट्रेड संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात झाला. जानेवारीत तिकडे बदल्यांची शेवटची तारीख असते, तेव्हा धाडधाड होतात. दुपारी बोलावणं, संध्याकाळी बॅगा गाडीत. हिनं तिळगूळ करून ठेवला होता, तो द्यायला गेलो तेव्हा त्याची खोली रिकामी आणि दाराआड बर्फाचा एक बूट. दुसरा कुठं गेला, ते त्या बाईंनाही कळलं नाही. शाळासुद्धा अर्ध्या वर्षात बदलली. पण तो अजून दर रविवारी त्या बाईंना फोन करतो, हेही सांगायला हवं.

मुलीला दोन गोष्टी कळवा. एक, डब्ल्यूएचएलमध्ये जितके सीझन खेळाल तितक्या वर्षांची पुढच्या शिक्षणाची फी आणि पुस्तकं, अशी शिष्यवृत्ती असते. ती करारात कशी लिहिली आहे, कधीपर्यंत वापरायची, ते सही करण्याआधी वाचा. कॉलेजचं दार उघडल्यावर याची किंमत घरोघरी नव्यानं मोजली जातेय. दोन, ही लीग पॅसिफिकच्या काठावरच्या व्हिक्टोरियापासून मॅनिटोबातल्या ब्रँडनपर्यंत पसरलेली आहे आणि प्रवास बहुतेक बसनं. व्हिक्टोरिया तर बेटावर, तिथं बस बोटीत चढवतात. आपण सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटरला कंटाळतो. मेडिसिन हॅटहून सगळ्यांत जवळचं मोठं शहर कॅलगरी, तेच तीनशेच्या आसपास. नातवाला मानेची उशी द्या. चटणी आणि उशी.

आमच्या भाच्यानं व्हॉट्सअपवर ‘केलोना कुणाकुणाला घेणार’ अशा याद्या पाठवून डोकं खाल्लंय. त्यात काही तथ्य असतं का?
— सुताचे व्यापारी, साखर पेठ

मालक, तुम्ही सुताच्या भावावर अंदाज बांधता तसंच आहे. बाजारात कोण काय बोलतो यापेक्षा गोदामात माल किती, हे बघायचं.

२०२६ च्या मेमोरियल कपचं यजमानपद केलोना या डब्ल्यूएचएलमधल्या संघाला मिळालं. यजमानाला थेट प्रवेश, लीग जिंकायची गरज नाही. पण घरच्या प्रेक्षकांपुढे चार संघांत चौथं यायची हौस कुणाला असणार? म्हणून यजमान संघ आदल्या उन्हाळ्यापासून अनुभवी पोरं गोळा करतो आणि बदल्यात पुढच्या निवडींचे हक्क देतो. तेव्हा ‘केलोना घेणार’ यात तथ्य आहे. ‘अमुक एकालाच घेणार’ याचा कागद मागा.

दुसरा हिशेब वीस वर्षांच्या पोरांचा. एका संघात वीस वर्षांचे फक्त तीन ठेवता येतात. ऑगस्टमध्ये कित्येक संघांकडे चार-पाच असतात. म्हणजे सीझन सुरू होऊन काही आठवड्यांत कुणाला तरी सोडावंच लागणार. भाच्याला सांगा, अफवा पाठवण्याऐवजी प्रत्येक संघाचे वीसवाले मोजून पाठव. तीनापेक्षा जास्त आहेत तिथं हालचाल होईल, दोनच आहेत तिथं जागा आहे. निम्म्या बातम्या तुम्हाला बातमीदाराच्या आधी कळतील.

२०२५ च्या उन्हाळ्यात मात्र गोदामच मोजता येत नव्हतं, ही अडचण. अठरा-एकोणीसचा कोणता पोरगा कॉलेजला जाईल हे संघाच्या मॅनेजरलाही शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. उलट बाजूनं, आधी कॉलेजचा रस्ता राखायला म्हणून सीएचएल टाळणारी पोरं आता बिनधास्त येतायत. पेंटिक्टनचा अख्खा संघच दुसऱ्या लीगमधून २०२५-२६ च्या सीझनला डब्ल्यूएचएलमध्ये दाखल झाला. आवक-जावक दोन्ही एकदम.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलावच ना?
— दहावीतला क्रिकेटवाला, विजापूर रोड

नाही रे. लिलावात ज्याच्याकडे पैसा तो बोली वाढवतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलचे संघ नवी पोरं निवडतात त्यात, बोलीच नाही. संघ रांगेनं येतात आणि एकेक नाव घेतात. रांगेत पुढे कोण? गेल्या सीझनला जे तळाशी होते ते. मुद्दाम हरून कुणी पुढे येऊ नये म्हणून वरच्या जागांसाठी सोडत काढतात. २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सना पहिली जागा मिळण्याची शक्यता साडेतीन टक्के होती आणि चिठ्ठी त्यांचीच निघाली. २७ जूनला त्यांनी ओएचएलमधल्या एरी ऑटर्सच्या मॅथ्यू शेफरचं नाव घेतलं. बचावपटू आहे. त्याआधीच्या डिसेंबरमध्ये जागतिक ज्युनियर स्पर्धेत त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं, एरीकडून सबंध सीझनमध्ये जेमतेम सतरा सामने खेळला, तरी पहिला. सतरा सामन्यांवर माणूस पारखणारे लोक मला आवडतात. आमच्या जिल्हा निवड समितीला सतरा वर्षं पाहूनही पारख होत नसे, आणि त्या समितीत मीही होतो.

निवड झाली म्हणजे लगेच मोठ्या संघात गेला, असं नाही. सात फेऱ्यांत २२४ पोरं निवडली जातात, बहुतेक परत ज्युनियरला जातात. शेफर एरीला परत जाईल का, यावर २०२५ च्या उन्हाळ्यात तिकडे तासन्‌तास चर्चा चालली.  अशा पोराला मोठ्या संघाकडून नऊ सामने खेळवून बघता येतं. दहाव्याला त्याच्या कराराचं पहिलं वर्ष मोजायला लागतं. नवव्या आणि दहाव्या सामन्याच्या मध्ये काय होतं, ती खरी बातमी.

शेफर आणि मॅकेन्ना दोघं २००७ चेच, मग एक २०२५ मध्ये निवडला गेला आणि दुसऱ्याचं वर्ष २०२६, हे कसं?
— एक आजोबा (कागदोपत्री जन्म १ जून), मुरारजी पेठ

कंसातलं वाचून हसलो. माझाही १ जूनच! शाळेत नाव घालायला वडील गेले, तारीख आठवेना, मास्तरांनी १ जून ठोकली. आपल्या पिढीतली निम्मी सोलापुरी माणसं एकाच दिवशी जन्मली आहेत.

तिकडे तारीख जपून लिहितात आणि तिच्यावरच सगळं अवलंबून असतं. १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण होत असतील तर त्या वर्षीच्या ड्राफ्टला नाव. शेफरचा जन्म ५ सप्टेंबर २००७, दहा दिवसांनी आत बसला. मॅकेन्नाचा २० डिसेंबर, म्हणून २०२६. लहानपणीचे गट मात्र जानेवारी ते डिसेंबर. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा, हाडापेरानं भरलेला, तोच निवडला जातो, त्यालाच चांगला कोच मिळतो. कॅनडाच्या ज्युनियर हॉकीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली पोरं जास्त दिसतात, हे संशोधकांनी कधीच मोजून दाखवलंय. मॅकेन्ना डिसेंबरचा असून वर आला. मी शाळेत उंचीनुसार रांग लावायचो आणि पहिल्या पाचांतून कबड्डीचा संघ निवडायचो. आता वाटतं, शेवटच्या पाचांत कुणीतरी डिसेंबरचं असणार.

मुलगा बारा वर्षांचा, रोलर स्केटिंग उत्तम करतो. ईमेल आलाय : ‘आमचे स्काऊट (खेळाडू हेरणारे लोक) तुमच्या मुलाला कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये जागा मिळवून देतील, नोंदणीचे दोन लाख आत्ता भरा, उन्हाळी सवलत.’ भरावेत का?
— एक बाबा, अशोक चौक

नाही. एक रुपयाही नाही.

कारण सांगतो, म्हणजे घरात वाद झाला तर कामी येईल. डब्ल्यूएचएल आपल्या वार्षिक निवडीत पश्चिम कॅनडात आणि पश्चिम अमेरिकेत राहणारी पोरंच घेते, तीही पंधराव्या वर्षाच्या सुमारास. बाहेरच्या देशातल्यांसाठी वेगळा इम्पोर्ट ड्राफ्ट असतो, उन्हाळ्यात, एनएचएलच्या ड्राफ्टनंतर. तिथं एका संघाला मोजक्याच जागा आणि त्या चेक, स्लोव्हाक, फिनलंड, स्वीडन, जर्मनीकडची घोटलेली पोरं भरतात. युक्रेन युद्धानंतर २०२२ आणि २०२३ मध्ये रशिया-बेलारूसच्या मुलांना बंदी होती, २०२४ पासून तीही परत रांगेत आहेत. बारा वर्षांच्या मुलाला ‘जागा’ कुणीच देऊ शकत नाही, कारण त्या वयाला तिथं जागा नावाची वस्तूच नाही. आणि या लीगमध्ये निवड व्हावी म्हणून पालकांनी पैसे भरायचे नसतात. ईमेलमध्ये सवलत आहे, मुदत आहे, घाई आहे. लीगच्या कार्यालयाचा कागद नाही. गेटावर काही लागलेलं नाही, दादा.

ते दोन लाख वाचलेच आहेत तर मुलाचं स्केटिंग चालू ठेवा. चाकांवर खेळायची इनलाइन हॉकी आपल्या देशात आहे, तिच्यापासून सुरुवात होते. बर्फ हवाच असेल तर डेहराडूनचं बंदिस्त रिंक आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलं होतं, नंतर बरीच वर्षं बंद पडून आता पुन्हा सुरू झालंय. हिवाळ्यात लेह आहे, जानेवारी २०२५ मध्ये खेलो इंडियाची आइस हॉकी तिथंच झाली. कॅनडाच्या तिकिटापेक्षा लेहचं तिकीट स्वस्त, आणि तिथं भेटेल तो कोच खरा असेल.

आपल्या देशी रक्ताचं कुणी त्या लीगमधून वर गेलंय का?
— वाचनालयात भेटलेले एक गृहस्थ (प्रश्न तोंडी)

गेलंय, बहुतेक पंजाबी. पहिला रॉबिन बावा, कमलूप्सकडून ज्युनियर खेळला आणि १९८९ मध्ये एनएचएलमध्ये उतरला. मॅनी मल्होत्राचे वडील भारतातले. ग्वेल्फ स्टॉर्मकडून खेळत असताना १९९८ च्या ड्राफ्टमध्ये तो सातवा निवडला गेला. पण मला भावतो तो सरेचा अर्शदीप बेन्स. ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणी घेतलंच नाही. उन्हाळ्यातल्या कुठल्याही यादीत नसलेला पोरगा. २०२१-२२ मध्ये रेड डियरकडून ६८ सामन्यांत ११२ गुण करून त्यानं सबंध डब्ल्यूएचएलमध्ये पहिला नंबर काढला, मग व्हँकूव्हरनं थेट करार केला. जून २०२५ मध्ये व्हँकूव्हरच्या दुय्यम संघानं, अॅबट्सफर्डनं, कॅल्डर कप (एनएचएलच्या खालच्या लीगचा करंडक) जिंकला तेव्हा बेन्स त्या संघात होता आणि कोच होता मल्होत्रा. ती बातमी मी हिला वाचून दाखवली, तर ही म्हणाली, ‘मराठी कोण आहे त्यात?’ अजून कुणी नाही.

सर, मी आठवीत आहे. मुली पण आइस हॉकी खेळतात का? मला गोली (गोलरक्षक) व्हायचंय.
— एक विद्यार्थिनी, बाळीवेस

खेळतात, बाळ. आपल्या देशाच्या मुली तर मुलांच्या पुढे आहेत. जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत अल ऐनला महिलांचा आशिया कप झाला, त्यात भारताला कांस्य मिळालं. संघात बहुतेक मुली लडाखच्या आणि हिमाचलमधल्या स्पितीच्या. गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या. आपलं सिद्धेश्वर तलाव काही गोठायचं नाही, तेव्हा आपण दुसरं बघू.

गोलीला आधी पाय नाही, डोळा लागतो. पक रबराचा, मुठीएवढा, सुमारे १७० ग्रॅमचा. सामन्याआधी तो गोठवतात, नाहीतर उसळतो. तू घरी टेनिसचा चेंडू भिंतीवर मार, दोन पावलांवरून, आणि डाव्या हातानं झेल. रोज शंभर. मोजायला आजीला बसव. चाकांचे बूट नसतील तर माझ्याकडे शाळेतले जुने दोन जोड आहेत, एकाचं मागचं चाक बदलावं लागेल. दर रविवारी सकाळी साडेसहाला मी शाळेच्या बास्केटबॉल कोर्टवर असतो, शिट्टी गळ्यात असते, ओळखशील. हेल्मेट आणि आईची चिठ्ठी घेऊन ये. गुडघ्याला पॅड हवेतच.